जाळ्यातल्या भिंती आणि दारे

संगणकांच्या जाळ्यांविषयीची पुस्तके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. बरीचशी पुस्तके कोणत्या यंत्रावर कोणती आज्ञा टंकायची ते सांगतात. थोडी पुस्तके ते यंत्र मुळात का बनवावे लागले ते सांगतात. रेडिया पर्लमन यांचे 'इंटरकनेक्शन्स' हे इंग्रजी पुस्तक दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९२ साली निघाली, तेव्हा उपशीर्षकात ब्रिज आणि राउटर अशी दोनच यंत्रे होती. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'स्विच' या शब्दाची भर पडली. इतके जुने तांत्रिक पुस्तक आज कशाला वाचायचे, असे कोणीही विचारील. पदविकेच्या वर्गांत आणि खासगी प्रशिक्षणवर्गांत 'व्हीलॅन' आणि 'राउटिंग इंटरफेस' हे विषय ज्या रीतीने शिकवले जातात त्या रीतीतील उणीव या पुस्तकाच्या उजेडात फार स्पष्ट दिसते, हे त्याचे कारण. गंमत अशी की खुद्द पुस्तकही नेमक्या त्याच जागी अपुरे पडते.

लेखिकेची थोडी ओळख करून द्यायला हवी; शिक्षकांना त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटेल. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, सीमूर पेपर्ट यांच्या लोगो प्रकल्पात काम करताना पर्लमनबाईंनी 'टॉर्टिस' नावाची रचना केली. साडेतीन-चार वर्षांच्या, अक्षरओळखही न झालेल्या मुलांना बटणे दाबून यांत्रिक कासव चालवता यावे, हा तिचा हेतू. पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना १९८५ साली त्यांनी 'स्पॅनिंग ट्री' ही पद्धत शोधून काढली. त्या पद्धतीवर त्यांनी एक छोटी विनोदी कविताही केली आणि ती पुस्तकात छापली आहे. बालवाडीतील मुलाला समजेल असे यंत्र बनवणाऱ्या व्यक्तीने लिहिलेले हे पुस्तक आहे, याची खूण पानोपानी पटते.

पुस्तकाचे मुख्य म्हणणे एका वाक्यात सांगता येते. इथरनेट हे जाळे नव्हे, तो केवळ दुवा आहे. पण त्याच्या नावातच 'नेट' असल्यामुळे लोकांनी त्याला जाळे समजून घेतले आणि तिथून पुढचा सगळा गोंधळ झाला. इथरनेटची कल्पना १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली, तेव्हा एका तारेवर लटकलेले काही संगणक एवढेच चित्र होते. अशा तारेवर पत्ता म्हणजे फक्त नाव. आपले नाव ऐकू आले की 'ओ' द्यायची, नाही तर गप्प बसायचे. मॅक पत्ता म्हणतात तो हाच, ४८ बिटांचा. तो यंत्राबरोबर जन्मतो आणि यंत्र कुठेही नेले तरी बदलत नाही. त्यावरून यंत्र 'कोण' आहे ते कळते, 'कुठे' आहे ते कळत नाही. आयपी पत्ता मात्र टपालाच्या पत्त्यासारखा असतो. त्याच्या पुढच्या भागावरून तो कोणत्या वस्तीतला आहे ते कळते. राउटर हा वस्ती पाहून वाट ठरवतो. स्विच फक्त नावे पाठ करतो.

हे पाठ करणे कसे चालते? स्विचच्या एखाद्या पोर्टावर फ्रेम आली की तो तिच्यावरील पाठवणाऱ्याचे नाव वाचतो आणि 'हे नाव या पोर्टामागे' अशी नोंद करतो. ज्याला पाठवायचे त्याचे नाव नोंदीत असेल तर नेमक्या पोर्टावर फ्रेम सोडतो. नसेल तर आली ते पोर्ट वगळून बाकी सगळ्यांवर सोडतो. सर्वांसाठी असलेली, म्हणजे ब्रॉडकास्ट फ्रेम तर नेहमीच सगळीकडे जाते. रचना साधी आणि सुंदर आहे, कोणालाही काही सांगावे लागत नाही. पण सोयीसाठी दोन स्विचमध्ये दोन तारा जोडा, की वर्तुळ तयार होते. ब्रॉडकास्ट फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहते, प्रत्येक फेरीत बाकीच्या पोर्टांवर आपल्या प्रती सोडते, आणि तिला थांबवणारे काही नसते. आयपी पॅकेटाच्या माथ्यावर एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. हा आकडा जास्तीत जास्त २५५ असू शकतो, त्यामुळे चुकलेले पॅकेट कधी ना कधी मरतेच. इथरनेटच्या फ्रेमवर असा आयुष्याचा आकडा नाही. दुव्याला तो लागतो कशाला, असे त्या वेळी वाटले असणार.

स्पॅनिंग ट्री ही पद्धत याच उणिवेवरचा उपाय आहे. सगळे स्विच आपसांत बोलून एक मूळ स्विच ठरवतात, प्रत्येक जण मुळाकडे जाणारी सर्वांत जवळची वाट ठेवतो आणि वर्तुळ घडवणारी बाकीची पोर्टे बंद करतो. आता मूळ कोण होते? ज्याचा ओळखक्रमांक सर्वांत लहान तो. माणसाने प्राधान्य ठरवून दिले नाही तर हा निर्णय मॅक पत्त्यावर जातो, आणि एकाच कंपनीचे स्विच असतील तर सर्वांत लहान पत्ता बहुधा सर्वांत जुन्या यंत्राचा असतो. म्हणजे अडगळीच्या खोलीतील म्हातारा स्विच साऱ्या जाळ्याचा कर्ता पुरुष होऊन बसतो. शिवाय या पद्धतीचे ठरीव कालावधी दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त ७ स्विच असतील असे धरून काढलेले आहेत. हा ७ आकडा पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येतो आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरा एवढ्यापुरता उरतो.

त्याची किंमत किती असू शकते हे अमेरिकेतील बॉस्टन शहरातील बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयाने अनुभवले. १९९६ साली दोन रुग्णालयांचे विलीनीकरण होऊन ते बनले होते, आणि त्याचे जाळे वर्षानुवर्षे स्विचला स्विच जोडत वाढले होते. १३ नोव्हेंबर २००२ रोजी ते मंदावले आणि कोलमडले. एका संशोधकाच्या कामातून जाळ्यात माहितीचा फार मोठा लोंढा आला होता. त्या ताणाखाली स्पॅनिंग ट्रीचा हिशेब जुळेना. कारण काही भाग मुळापासून ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलेले होते. सुमारे चार दिवस रुग्णालयाला कागदावर काम करावे लागले. तपासण्यांचे अहवाल माणसांनी हातोहात पोचवले. रुग्णालयाचे तेव्हाचे माहिती-अधिकारी जॉन हलाम्का यांनी ही हकीकत लपवली नाही, हे त्यांचे मोठेपण; २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकातही तिच्यावर लेख आला. दुरुस्ती करताना जाळ्याच्या मध्यभागी राउटिंग आणले गेले, एकसंध पसाऱ्याचे तुकडे केले गेले. पर्लमनबाईंच्या पुस्तकाचा पहिला अर्धा भाग ज्याने समजून वाचला असेल त्याला या घटनेत नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

आता व्हीलॅनकडे वळू. बहुतेक पाठ्यपुस्तके व्याख्या देतात ती अशी: एकाच स्विचचे अनेक आभासी स्विच करणे म्हणजे व्हीलॅन. पुढे लगेच फायद्यांची यादी येते आणि तीत 'सुरक्षितता' पहिल्या नाहीतर दुसऱ्या क्रमांकावर असते. इथेच माझा आक्षेप आहे. व्हीलॅनची कल्पना सुरक्षिततेसाठी जन्मलेलीच नाही. १९८० च्या दशकात बेलकोर या दूरध्वनी-संशोधन संस्थेत डेव्हिड सिन्कोस्की इथरनेटवरून बोलणी वाहून नेण्याच्या आणि त्यासाठी इथरनेट खूप मोठे करण्याच्या मागे होते. एकच स्पॅनिंग ट्री असली की सगळी वर्दळ मुळाशी येऊन तुंबते, हे त्यांच्या लक्षात आले. मग एकाऐवजी अनेक झाडे का नसावीत? प्रत्येक फ्रेमला जणू एक रंग द्यावा आणि प्रत्येक रंगाने आपापल्या झाडावरून जावे. चेस कॉटन यांच्यासह त्यांनी ही पद्धत घडवली. म्हणजे मूळ प्रश्न वर्दळीचा होता. अडवणुकीचा अर्थ नंतर चिकटला.

त्या रंगाला प्रमाणित रूप १९९८ साली मिळाले. ८०२.१क्यू या मानकानुसार फ्रेममध्ये ४ बाइटांची चिठ्ठी, म्हणजे टॅग, खोचतात. पहिले २ बाइट 'ही चिठ्ठी आहे' एवढेच सांगतात. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ बिट प्राधान्यासाठी, १ बिट इतर कामासाठी आणि १२ बिट व्हीलॅन क्रमांकासाठी असतात. १२ बिटांत ४०९६ आकडे मावतात. त्यांतले पहिला व शेवटचा राखीव, म्हणून हाती राहतात ४०९४. चिठ्ठीमुळे फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट झाली. संगणकाला ही चिठ्ठी सहसा दिसतही नाही. ज्या पोर्टाला एकच संगणक जोडलेला असतो ते ॲक्सेस पोर्ट. तिथे आत येणाऱ्या फ्रेमला स्विच मनातल्या मनात रंग देतो. दोन स्विचमधली जी तार सगळे रंग वाहते ती ट्रंक. तिच्यावर चिठ्ठ्या प्रत्यक्ष लागतात. ट्रंकवर एक व्हीलॅन मात्र चिठ्ठीविना जाऊ देण्याची मुभा असते. तिला नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात आणि ती मुभा धोक्याची आहे. नेटिव्ह व्हीलॅनमधल्या कोणी मुद्दाम दोन चिठ्ठ्या लावलेली फ्रेम पाठवली, तर पहिला स्विच बाहेरची चिठ्ठी काढतो, फ्रेम ट्रंकवर सोडतो, आणि पुढचा स्विच आतली चिठ्ठी वाचून तिला भलत्याच व्हीलॅनमध्ये नेतो. उत्तर परत येत नाही, पण भिंतीवरून दगड टाकता येतो. म्हणून कोणतेही संगणक नेटिव्ह व्हीलॅनमध्ये ठेवू नयेत.

हे झाले भिंतीचे. पण खरा विषय दाराचा आहे, आणि वर्गात तो सर्वांत घाईने उरकला जातो. समजा, एका शाळेत प्रयोगशाळेचे संगणक व्हीलॅन १० मध्ये आणि कार्यालयाचे व्हीलॅन २० मध्ये आहेत. प्रयोगशाळेची वस्ती १९२.१६८.१०.०, कार्यालयाची १९२.१६८.२०.०, दोन्हींचा मास्क २५५.२५५.२५५.०. नुसते एवढेच केले तर दोन्ही बाजूंचा एकमेकांशी संबंध संपतो. दोघांनाही एकच छपाईयंत्र वापरायचे असेल तर तेही जमणार नाही. मग स्विचच्या पोटातच प्रत्येक व्हीलॅनसाठी एक राउटिंग इंटरफेस तयार करतात. ही वस्तू हाताला लागत नाही, तिला तार जोडता येत नाही. स्विच स्वतःच त्या व्हीलॅनमध्ये एक रहिवासी बनून बसतो, एवढाच तिचा अर्थ. व्हीलॅन १० मध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१०.१ आणि व्हीलॅन २० मध्ये १९२.१६८.२०.१. संगणकांना हेच पत्ते गेटवे म्हणून सांगायचे.

आता १९२.१६८.१०.२५ या संगणकाने १९२.१६८.२०.७ ला काही पाठवले. दोघे एकाच स्विचच्या शेजारशेजारच्या पोर्टांवर असले तरी काय घडते ते पाहा. पाठवणारा मास्क लावून पाहतो: समोरचा आपल्या वस्तीतला नाही. म्हणजे गेटवेकडे जावे लागणार. तो आपल्या व्हीलॅनमध्ये ओरडून विचारतो, १०.१ कोणाचा? ही विचारपूस म्हणजे एआरपी, १९८२ सालची पद्धत. स्विच आपले मॅक नाव सांगतो. संगणक त्या नावाने फ्रेम पाठवतो, पण आतल्या पॅकेटावर पत्ता २०.७ चाच असतो. स्विच पाहतो, फ्रेम तर माझ्याच नावाची आहे. मग तो ती उघडतो, आतला पत्ता वाचतो, वाटांच्या तक्त्यात पाहतो, २०.० ही वस्ती आपल्या दुसऱ्या इंटरफेसवर आहे. तो व्हीलॅन २० मध्ये विचारतो, २०.७ कोणाचा? उत्तर मिळाले की आयुष्याचा आकडा ६४ वरून ६३ करतो, नवी फ्रेम बनवतो आणि पाठवतो. आयपी पत्ते दोन्ही टोकांना तेच राहिले, मॅक पत्ते मात्र दोन्ही बदलले. ज्या विद्यार्थ्याला हे एक वाक्य कारणासह सांगता येते त्याला विषय आला, असे मी समजतो. आज्ञा पाठ असोत वा नसोत.

आणि आता मुख्य तक्रार. दोन इंटरफेस तयार झाले आणि स्विचवर राउटिंग चालू केले की दोन्ही व्हीलॅनमधले दार सताड उघडते. स्विच कोणालाही काही विचारत नाही. वाट माहीत आहे ना, मग पॅकेट जाते. म्हणजे विद्यार्थी आदल्या तासाला 'व्हीलॅनमुळे कार्यालयाची माहिती सुरक्षित राहते' असे लिहितो आणि दुसऱ्या तासाला स्वतःच्या हाताने ती सुरक्षितता काढून टाकतो. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळतात. पिंग चालले, प्रयोग यशस्वी, वही सही! ते पिंग चालायला हवे होते का, हा प्रश्न प्रयोगाच्या नमुन्यात नसतो. दारावर पहारा बसवायचा तर परवानगीची यादी वेगळी लिहावी लागते, आणि ती लिहिताना दिशा नीट समजावी लागते. इंटरफेसवर 'आत' म्हणजे व्हीलॅनमधून स्विचच्या आत. व्हीलॅनच्या आत नव्हे. शिवाय साधी यादी संभाषण लक्षात ठेवत नाही. प्रयोगशाळेतून येणारे सगळे अडवले तर कार्यालयाने तिथल्या संगणकाला विचारलेला प्रश्न पोचेल, पण त्याचे उत्तर परत येणार नाही. पहाऱ्याचा धडा बहुतेक अभ्यासक्रमांत फार पुढे, स्वतंत्र प्रकरण म्हणून येतो. दार आणि कुलूप वेगवेगळ्या सत्रांत शिकवण्यासारखेच हे.

आणखी एक बारीकशी गोष्ट. अनेक स्विचांवर एखाद्या व्हीलॅनचे एकही पोर्ट जागे नसेल तर त्याचा राउटिंग इंटरफेसही झोपलेला राहतो. विद्यार्थी पत्ता देतो, आज्ञा तपासतो, सारे बरोबर आणि इंटरफेस मात्र बंद. मग यंत्र खराब ठरते. वस्तीत कोणी नसेल तर तिची वाट इतरांना सांगण्यात अर्थ नाही, हे कारण सांगितले तर मूल ते विसरणार नाही.

पर्लमनबाईंचे पुस्तक इथे किती उपयोगी पडते? अर्धे. भिंत का लागते, हे त्यांच्याइतके स्वच्छ कोणी सांगितलेले नाही. पण व्हीलॅनला त्यांनी स्वतंत्र प्रकरणही दिलेले नाही. हब, स्विच आणि फास्ट इथरनेट यांच्याबरोबर एकाच प्रकरणात ते उरकले आहे. कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर प्रत्यक्ष काय करायचे ते पुस्तक सांगत नाही. ती मर्यादा त्यांनी जाणून स्वीकारली असणार. मात्र एकाच पेटीत स्विच आणि राउटर दोन्ही बसले की शिकणाऱ्याच्या मनातली सीमारेषा कशी पुसली जाते, याचा विचार अधिक हवा होता. १९९९ साली ही यंत्रे नुकती रुळू लागली होती हे खरे, पण 'नावाने गोंधळ होतो' हे ज्यांचे मुख्य सूत्र, त्यांच्याकडून ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा मतभेद अधिक मोठा आहे. पुस्तकाचा सूर असा की इथरनेटचे मोठाले पसारे ही एक तात्पुरती सोय होती. शहाणे लोक राउटिंग करतील. तसे घडले नाही. यंत्र एका जागेहून दुसऱ्या जागी नेले तरी पत्ता बदलू नये, ही लोकांची गरज खरी होती आणि नंतर ती वाढतच गेली. एकाच महाकाय केंद्रात हजारो ग्राहकांची आभासी यंत्रे ठेवणाऱ्यांना ४०९४ व्हीलॅनही पुरेनात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतीत क्रमांकासाठी २४ बिट दिले आहेत, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक. विशेष म्हणजे ती इथरनेटची फ्रेम आयपी पॅकेटाच्या पोटात घालून नेते. खाली राउटिंग, वर दुव्याचा भास. खुद्द पर्लमनबाईही स्वस्थ बसल्या नाहीत. ज्या स्पॅनिंग ट्रीने त्यांना नाव दिले तिच्या जागी राउटिंग आणणारी 'ट्रिल' ही पद्धत त्यांनी मांडली, तिचे मानक २०११ साली आले आणि तीत फ्रेमला आयुष्याचा आकडाही दिला गेला. ट्रिलचा फारसा प्रसार झाला नाही. पण आपल्या गाजलेल्या शोधाची उणीव स्वतःच भरून काढायला निघणारी माणसे कुठल्याही क्षेत्रात थोडीच असतात.

शिक्षकांनी पुस्तकातून काय घ्यावे? राउटिंग इंटरफेसचा पाठ यंत्राला हात लावण्याआधी पाकिटांनी घेता येतो. एका लहान पाकिटावर आयपी पत्ते आणि कोपऱ्यात आयुष्याचा आकडा लिहायचा, ते मोठ्या पाकिटात घालून त्यावर मुलांची नावे लिहायची. वर्गाचे दोन गट करून मधे एका मुलीला स्विच म्हणून बसवायचे. तिने मोठे पाकीट फाडायचे, लहानावरचा आकडा खोडून एकाने कमी करायचा, नव्या मोठ्या पाकिटावर नवी नावे घालायची. मग तिच्या हाती 'कार्यालयात कोणाला जाऊ द्यायचे' याची यादी द्यायची आणि खेळ पुन्हा खेळायचा. यादी देण्यापूर्वीच्या फेरीत सगळी पाकिटे पोचली होती, हे मुलांच्याच लक्षात येऊ द्यावे.

दुसऱ्या आवृत्तीतील आयपीएक्स, ॲपलटॉक आणि डेकनेट यांविषयीची पाने आज इतिहास म्हणून चाळली तरी पुरे. ब्रिजवरची सुरुवातीची प्रकरणे आणि शेवटाकडचे, नियमसंहिता रचण्यातील शहाणपण व वेडेपणा यांवरचे प्रकरण मात्र सोडू नये. प्रकरणांच्या अखेरीस दिलेले गृहपाठाचे प्रश्न शिक्षकांनी आधी स्वतः सोडवावेत. त्यांतले बरेचसे आज्ञा आठवून सुटत नाहीत.